टाचेमागची शीर तुटते तेव्हा : ऑपरेशनशिवायचे एक वर्ष

१८ जानेवारी २०२५, शनिवार. शाळेच्या क्रीडा सप्ताहाचा शेवटचा दिवस. दहावीच्या मुली विरुद्ध शिक्षिका असा खो-खोचा सामना ठेवला होता. मुलींना आम्हाला धावताना पाहायची हौस असते आणि आपण अजून थकलो नाही हे आम्हालाही त्या निमित्ताने स्वतःला पटवायचे असते. माझे वय तेव्हा ४४. वर्गात रोज पाच-सहा तास उभी राहणारी बाई, पायांना सवय आहे, असा माझा समज होता.

रांगेत उकिडवी बसले होते. पाठीमागून खो मिळाला. उठले, उजव्या पायावर जोर दिला आणि टाचेच्या वर सणकन काहीतरी लागले. आवाजही आला, सुकी काटकी मोडावी तसा. मागच्या मुलीने लाथ मारली असे वाटून मी रागाने वळून पाहिले. मागे कुणीच नव्हते.

नंतर कळले की ही शीर तुटलेली बरीच माणसे अगदी हेच सांगतात. कुणाला दगड लागल्यासारखे वाटते, कुणाला काठी मारल्यासारखे. सगळे वळून पाहतात आणि मागे कुणी नसते.

मुरगळ समजून गेलेले तीन दिवस

दुखणे पाच-दहा मिनिटांत बरेच कमी झाले आणि घोटाळा तिथेच झाला. मी लंगडत का होईना, चालत होते. पाऊल थोडे खाली-वरही होत होते. संध्याकाळी गावातल्या एका दवाखान्यात दाखवले. एक्स-रे काढला, हाड शाबूत होते. ‘मुरगळला आहे, आठ दिवसांत बरा होईल,’ असे सांगून पट्टी बांधून दिली. एक्स-रेमध्ये हाड दिसते, शीर दिसत नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

रविवारी घर पाहुण्यांनी भरले. शेजारच्या खालांनी ओळखीतल्या एका मालिशवाल्याला बोलावले. त्यांनी गरम तेलाने टाचेमागे खूप चोळले आणि शेवटी पाऊल हातात धरून बोटे वरच्या दिशेने जोरात ओढली. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी बसून दुआ पढत होत्या. त्या म्हणाल्या, “बेटा, थोडं सोस, नस बसतेय.” नस बसत नव्हती. तुटलेली दोन टोके एकमेकांपासून आणखी लांब जात होती. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, पैसेही त्यांनी घेतले नाहीत. पण हेतू चांगला असून भागत नाही.

सोमवारी मी शाळेत गेले. आमच्या पीटीच्या सरांनी माझी चाल पाहिली आणि एकच गोष्ट करायला सांगितली, “मॅडम, भिंतीला धरून फक्त उजव्या चवड्यावर उभ्या राहून दाखवा.” मला टाच एक बोटभरही उचलता येईना. पाय दुखत होता म्हणून नव्हे. पायात तो जोरच नव्हता. सर म्हणाले, “उद्याच नागपूर गाठा. ही मुरगळ नाही.”

मंगळवारी, चौथ्या दिवशी, आम्ही रामटेकहून नागपूरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

दहा सेकंदांची तपासणी

डॉक्टरांनी मला पालथे झोपवले. दोन्ही पावले टेबलाच्या कडेबाहेर लोंबकळत ठेवली. मग डाव्या पायाची पोटरी मुठीत धरून दाबली. डावे पाऊल आपोआप खाली झुकले. उजवी पोटरी दाबली, पाऊल जागचे हलले नाही. तपासणी एवढीच होती. सिमंड्स या ब्रिटिश सर्जनने ती १९५७ मध्ये मांडली आणि १९६२ मध्ये थॉम्प्सन या अमेरिकन डॉक्टरने. म्हणून दोघांच्याही नावाने ती ओळखली जाते. तिला यंत्र लागत नाही. त्यानंतर सोनोग्राफीत शीर पूर्ण तुटल्याचे पक्के झाले.

आपण ‘शीर’ किंवा ‘नस’ हा शब्द फार ढिला वापरतो. रक्तवाहिनीही शीर, मज्जातंतूही शीर आणि हीसुद्धा शीर. ही मुळात कंडरा आहे, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट दोर. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येत एकत्र होतात आणि या दोराने टाचेच्या हाडाला जोडले जातात. शरीरातली ही सर्वांत जाड आणि मजबूत कंडरा. ग्रीक कथेतल्या अकिलीस या योद्ध्याची टाच तेवढी कच्ची राहिली होती, म्हणून इंग्रजीत तिला त्याचे नाव आहे. चालताना टाच उचलणे, जिना चढणे, धावणे, उडी मारणे या सगळ्यांत शरीराला पुढे ढकलणारा जोर हिच्यातूनच जातो.

मग मी चालू कशी शकले? घोट्याच्या मागून पावलाकडे जाणाऱ्या आणखी काही बारीक कंडरा असतात. त्या पाऊल थोडेफार खाली झुकवू शकतात. त्यामुळे ‘पाय हलतोय म्हणजे काही तुटले नाही’ असे वाटते. पण सगळ्या अंगाचे ओझे उचलणे त्यांच्या बसचे नसते.

टाचेच्या हाडापासून साधारण २ ते ६ सेंटीमीटर वरचा भाग रक्तपुरवठ्याच्या दृष्टीने गरीब असतो आणि कंडरा बहुधा तिथेच तुटते. तिशी ते पन्नाशीतली, एरवी फारसा व्यायाम न करणारी आणि एखाद्या दिवशी अचानक मैदानात उतरणारी माणसे यात जास्त सापडतात. वर्षभर फळ्यासमोर उभी राहून जानेवारीत खो-खो खेळणारी शिक्षिका त्यात नेमकी बसते.

डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला, “गेल्या काही महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली होती?” डिसेंबरमध्ये लघवीच्या जंतुसंसर्गासाठी मी सिप्रोफ्लॉक्सासिनचा कोर्स घेतला होता. ते म्हणाले, याच गोळीमुळे झाले असे म्हणता येणार नाही. पण सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या कुळातल्या औषधांनी कंडरा कमकुवत होऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २००८ मध्ये या औषधांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. साठीपुढच्या लोकांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. आपल्याकडे ही गोळी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणून घेणारी घरे कमी नाहीत. ती चालू असताना टाचेमागे दुखू लागले, तर डॉक्टरांना लगेच सांगायला हवे.

घरातला वाद

ऑपरेशन करायचे की नाही, यावर आमच्या घरात दोन पक्ष पडले. मुलांचे अब्बू ऑपरेशनच्या बाजूने होते. त्यांचे म्हणणे, “तुटलेली वस्तू शिवल्याशिवाय जुळते का? एकदाचं करून टाकू, पक्कं होईल.” अम्मी आणि माझे भाईजान ऑपरेशनच्या विरुद्ध होते. “काटछाट नको. अल्लाह शिफा देईल. पंधरा दिवस घरात पडून राहिली की बरं होईल.”

डॉक्टरांनी दोन्ही पक्षांचे शांतपणे ऐकून घेतले आणि दोघांचीही चूक दाखवली. अब्बूंना ते म्हणाले, “ही कंडरा न शिवताही जुळते. पाऊल खाली झुकवून ठेवलं की दोन्ही टोकं जवळ येतात आणि मधली जागा शरीर स्वतः भरून काढतं.” भाईजानना म्हणाले, “पण पंधरा दिवस पडून राहून नव्हे. ऑपरेशन नको म्हणजे उपचार नको, असं समजू नका. हा उपचार महिनोन् महिने चालतो आणि त्यातलं अर्धं काम डॉक्टरचं नाही, तुमच्या घराचं आहे.”

या वाक्याचा अर्थ पुढे वर्षभर थोडा थोडा कळत गेला.

खेळाडू बहुधा ऑपरेशन करून घेतात. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमची हीच कंडरा मार्च २०१० मध्ये तुटली. फिनलंडमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीचा विश्वचषक हुकला. पण तुमच्याआमच्यासारख्यांसाठी काय बरे, याचा अभ्यास डॉक्टरांनी केला आहे. कॅनडात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४४ रुग्णांचे दोन सारखे गट केले होते. एका गटाचे ऑपरेशन केले, दुसऱ्याचे नाही. पण दोघांनाही लवकर हालचाल आणि व्यायाम सुरू करून दिला. ऑपरेशनच्या गटात २ जणांची आणि विनाऑपरेशनच्या गटात ३ जणांची कंडरा पुन्हा तुटली. फरक नगण्य.

नॉर्वेतला २०२२ चा अभ्यास त्याहून मोठा, ५५४ रुग्णांचा. वर्षानंतर पाय किती काम देतो हे पाहिले, तर ऑपरेशन झालेले आणि न झालेले सारखेच निघाले. पण विनाऑपरेशनच्या गटात शंभरातल्या सुमारे सहा जणांची कंडरा पुन्हा तुटली, तर ऑपरेशनच्या गटांत शंभरात एकाहूनही कमी जणांची. उलट मज्जातंतूला इजा होण्याचे प्रमाण ऑपरेशनच्या गटांत जास्त होते, पद्धतीनुसार शंभरात सुमारे तीन ते पाच. विनाऑपरेशनच्या गटात ते शंभरात एकाहून कमी. शिवाय टाचेमागची कातडी पातळ असते. तिथली जखम चिघळली तर लवकर भरत नाही.

म्हणजे दोन्ही वाटांवर काहीतरी पणाला लावावेच लागते. मला मधुमेह आहे. गोळ्यांनी ताब्यात असला तरी जखमेचा धोका माझ्या बाबतीत जास्त होता. चौथा दिवसच असल्यामुळे आणि पाऊल झुकवल्यावर सोनोग्राफीत टोके जवळ येताना दिसल्यामुळे विनाऑपरेशनची वाट मला खुली होती. कित्येक आठवडे उशिरा येणाऱ्या, हाडाचा तुकडाच निघून आलेल्या किंवा उघडी जखम असलेल्या रुग्णाचे गणित वेगळे असते. त्यामुळे माझा निर्णय हा तुमच्यासाठी सल्ला नव्हे. ‘माझ्या बाबतीत दोन्हीचा फायदा-तोटा काय?’ हा प्रश्न मात्र प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावा.

प्लास्टर, बूट आणि पाचरी

पहिले दोन आठवडे प्लास्टर. पाऊल नर्तकीसारखे खाली झुकवलेले, पायावर अजिबात भार नाही, कुबड्यांवर चालायचे. हा काळ कंटाळवाणा, पण सोपा. सगळे घर सेवेला असते.

या दिवसांत डॉक्टरांनी एका धोक्याबद्दल बजावून सांगितले होते. पाय बराच काळ हलत नसला की पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटरी अचानक सुजली, गरम झाली, फार ठणकू लागली तर थांबायचे नाही. आणि एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले तर रात्र आहे, सकाळी पाहू, असे म्हणायचे नाही. सरळ मोठा दवाखाना.

तिसऱ्या आठवड्यात प्लास्टर काढून गुडघ्यापर्यंतचा बूट दिला. तो प्लास्टिकचा, पट्ट्यांनी बांधायचा असतो आणि आत टाचेखाली पाचरी असतात. पाचरींमुळे टाच उंच राहते आणि पाऊल झुकलेले राहते. या बुटात थोडा थोडा भार टाकून चालायचे. मला भीतीच वाटली. तुटलेल्या शिरेवर भार? फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावले की कंडरा ओढ मिळाली की त्या ओढीच्या दिशेने घट्ट विणली जाते. मुळीच ओढ मिळाली नाही तर कच्ची राहते, जास्त मिळाली तर तुटते किंवा लांबते. सगळे कसब या मधल्या वाटेचे.

‘लांबते’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. भरत असलेली कंडरा ताणली गेली तर ती जुळते, पण सैल जुळते. नाडा सैल झालेल्या सलवारीसारखी. पोटरी कितीही आवळली तरी टाच पूर्ण उचलली जात नाही आणि ही कमजोरी जन्मभराची होऊ शकते. म्हणून पहिले तीन महिने नियम एकच : बोटे वर, नडगीकडे, ओढायची नाहीत. टॉवेल लावून पाय ताणण्याचा व्यायाम पुष्कळ लोक प्रेमाने सुचवतात. तो या काळात करायचा नाही.

दुसऱ्या पायात उंच सोलची चप्पल घालावी लागते, नाहीतर बुटामुळे कंबर वाकडी होऊन दुखू लागते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सहाव्या आठवड्यापासून पाचरी एकेक करून काढल्या. आठव्या आठवड्यानंतर घरात थोडा वेळ बुटाशिवाय, पण टाचेला उंची असलेल्या चपलेत चालायला परवानगी मिळाली. बाराव्या आठवड्यात बूट सुटला. प्रत्येक दवाखान्याचे वेळापत्रक थोडे वेगळे असते; आपल्याला मिळाले तेच पाळावे.

आपले घर जमिनीवरचे

दवाखान्यातून मिळालेला छापील कागद खुर्चीवर बसणाऱ्या आणि कमोड वापरणाऱ्या घरासाठी लिहिलेला होता. आपले घर जमिनीवर चालते. आपण दस्तरखानावर बसून जेवतो, उकिडवे बसून भाजी चिरतो, भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसतो, दिवसातून पाच वेळा वुजू करतो आणि सजद्यात जातो. या सगळ्यांबद्दल त्या कागदात एक अक्षर नव्हते. मी फिजिओथेरपिस्ट बाईंना एकेक गोष्ट विचारून वहीत लिहून घेतली. त्यातले महत्त्वाचे इथे देते.

सर्वांत मोठा धोका शौचालयाचा. टाच टेकवून उकिडवे बसले की घोटा शेवटपर्यंत दुमडतो आणि कंडरेवर सर्वांत जास्त ताण येतो. पहिल्याच दिवशी आम्ही प्लास्टिकची कमोडची खुर्ची आणली. अम्मींना आधी ते बरे वाटले नाही. आता त्यांच्या गुडघ्यांसाठी तीच खुर्ची त्या वापरतात.

वुजूबद्दल मी एका आलिमांना विचारून घेतले. प्लास्टर असेपर्यंत पाय न धुता प्लास्टरवर ओला हात फिरवायचा, म्हणजे मसह करायचा. बूट काढायला डॉक्टरांची मनाई असेल तोवरही तसेच. डॉक्टरांनी पाय धुण्यापुरता बूट काढायची परवानगी दिल्यावर मी स्टुलावर बसून, पाऊल सैल खाली सोडून पाय धुवायची. उभ्याने एक पाय नळाखाली धरायची आपली सवय या काळात घातक. ओल्या फरशीवर पाय घसरला तर आठवड्यांची मेहनत एका क्षणात जाते.

नमाज खुर्चीवर. पुरुषांना अत्तहियातच्या बैठकीत उजवे पाऊल उभे ठेवून बोटे मुडपावी लागतात, त्यामुळे उजव्या पायाच्या कंडरेवर सरळ ताण येतो. आम्हा स्त्रियांची बैठक वेगळी असते. पण सजद्यातून उठून उभे राहताना सगळा भार चवड्यांवर येतोच. मी पाच महिने खुर्चीवर नमाज पढले. सुरुवातीला मन लागत नसे. काहीतरी अर्धेच करतोय असे वाटे. आलिमसाहेबांनी सांगितले की दीनने आजाऱ्याला ही सवलत स्वतःहून दिली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही. आणि सवलत असताना शरीराला इजा करून घेणे ही काही परहेजगारी नव्हे. त्यानंतर माझे मन निवांत झाले.

आणि स्वयंपाक. पहिल्या महिन्यात मला कळले की घरात मीठ कुठे असते हे फक्त मला माहीत आहे. मुलांच्या अब्बूंनी डाळ-भात शिकून घेतला, मोठ्या मुलीने पोळ्या आणि नववीतल्या मुलाने भांडी. सुरुवातीला मी पलंगावरून सूचना देत होते, रागावत होते. एक दिवस मुलगी म्हणाली, “अम्मी, तुम्ही पाय सांभाळा, आम्ही पोळी सांभाळतो. वाकडी झाली तर वाकडी खाऊ.” त्यानंतर मी सूचना बंद केल्या. घराने आपली कामे वाटून घेतली नाहीत, तर बाईचा पाय विनाऑपरेशन जुळणे कठीण आहे. डॉक्टर ‘अर्धं काम घराचं’ म्हणाले ते हेच.

दुधासाठी दोन पावले

२ मार्चला रमजान सुरू झाला, तेव्हा मला सहा आठवडे पूर्ण झाले होते. रोज्यांबाबत डॉक्टरांशी बोलून मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा ठरवून घेतल्या. तरावीह घरीच, खुर्चीवर. दुखणे जवळजवळ थांबले होते, सूज ओसरली होती आणि मला वाटू लागले की आता मी बरी झाले.

विसाव्या रोज्याच्या आसपास, सहरीची वेळ. मी बूट न घालता, अनवाणीच, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. गॅसवरचे दूध वर आले. मुलगी मोरीत होती. मी विचार न करता उठले आणि दोन पावले धावले.

दुसऱ्या पावलाला टाचेमागे कळ आली. मी ओट्याला धरून तशीच उभी राहिले. दूध उतू गेले, गॅस विझला, वास सुटला आणि मला हलायची हिंमत होईना. मुलांचे अब्बू धावत आले. त्यांनी मला उचलून पलंगावर पालथे झोपवले आणि त्या दिवशी नागपूरला पाहिलेली तपासणी थरथरत्या हातांनी केली. त्यांनी पोटरी हलकेच दाबली. पाऊल झुकले. ते काही बोलले नाहीत, तिथेच जमिनीवर बसले. त्या दिवशी सहरी कुणीच धड केली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. कंडरा शाबूत होती. पण ते रागावले, आणि त्यांचे रागावणे रास्त होते. म्हणाले, “पहिल्या महिन्यात कुणी चूक करत नाही, कारण पाय दुखतो. चूक होते ती दुखणं थांबल्यावर. बूट सुटायच्या आसपासचे आठवडे सगळ्यांत धोक्याचे. दुखत नाही याचा अर्थ भरलं, असा नाही.” पुन्हा तुटण्याचे प्रसंग बहुतेक याच काळातले, पहिल्या तीन महिन्यांतले. कधी पाय घसरतो, कधी पायरी चुकते, कधी दूध उतू जाते.

३१ मार्चच्या ईदला घर पाहुण्यांनी भरले. शीरखुर्मा ननंदेने केला. मी बूट घालून बैठकीत बसले आणि उठले नाही. जी आली तिने “अगं, अजून बरी नाही झालीस?” असे विचारले. लोकांच्या या प्रश्नाला कंटाळून माणूस बूट लवकर सोडतो, हेही मी सांगून ठेवते.

बारीक झालेली पोटरी

बूट सुटल्यावर मी शिवणाच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी दोन सेंटीमीटरने बारीक होती. खरे काम इथून सुरू झाले. आधी खुर्चीवर बसून दोन्ही टाचा उचलणे. मग रबरी पट्टा पावलाला लावून पाऊल खाली दाबणे. मग ओट्याला धरून उभ्याने दोन्ही टाचा उचलणे आणि सावकाश खाली आणणे. एका पायावर टाच उचलायला मला सहावा महिना लागला. पहिल्यांदा जेमतेम एक बोट उचलली गेली. तो दिवस मी वहीत लिहून ठेवला आहे.

७ जूनला बकरी ईद झाली, तेव्हा मी साध्या चपलेत हळूहळू चालत होते. त्यानंतर आठवड्याभरात फिजिओथेरपिस्ट बाईंची परवानगी घेऊन, एका हाताने खुर्चीचा आधार धरत, पहिला सजदा जमिनीवर केला. जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडल्या आणि मी वर्गावर परतले. मुख्याध्यापिकांनी माझे सगळे वर्ग तळमजल्यावर घेतले होते.

माझ्या वर्गाच्या खिडकीतून गडमंदिराचा डोंगर दिसतो. अभ्यासक मिराशी यांच्यासह अनेकांनी मेघदूतातला रामगिरी तो हाच मानला आहे. त्या काव्यातल्या यक्षाला एका वर्षाची शिक्षा असते. स्टाफरूममध्ये संस्कृतच्या मॅडम मला चिडवायच्या, “तुमचंही वर्षच आहे, मॅडम. ढगांकडे बघत बसा.” डॉक्टरांनीही तेच सांगितले होते. चालणे तीन महिन्यांत येते, जोर यायला वर्ष लागते, आणि काहींना पूर्वीचा सगळा जोर कधीच येत नाही. हे शेवटचे त्यांनी ऑपरेशन झालेल्यांबद्दलही सांगितले.

डिसेंबरमध्ये सहावीच्या मुलींची सहल गडावर गेली, तेव्हा मी सोबत होते. चढताना थांबावे लागले नाही. उतरताना दोनदा बसले. उतरताना कंडरेला शरीर रोखून धरावे लागते आणि ते चढण्यापेक्षा जड जाते, हे मुलींना समजावून सांगितले. त्यांना त्यात फारसा रस नव्हता; त्या माकडांपासून डबे वाचवत होत्या.

घरात माहीत असावे असे

टाचेमागे अचानक मारल्यासारखे वाटले, आवाज आला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता आले नाही, तर ती मुरगळ समजू नये. मालिश नको, शेक नको, बोटे ओढणे नको. पाऊल सैल, खाली झुकलेले ठेवून आधार द्यावा आणि एक-दोन दिवसांत हाडांच्या डॉक्टरांकडे जावे. ऑपरेशनशिवाय बरे व्हायचे असेल तर सुरुवात लवकर होणे फार गरजेचे आहे; दोन आठवडे उलटले की ती वाट अरुंद होत जाते.

मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, स्टेरॉइड, तंबाखू आणि गेल्या काही महिन्यांतल्या अँटिबायोटिक गोळ्या, हे सगळे डॉक्टरांना न विचारता सांगावे. तंबाखू जखम आणि कंडरा दोन्ही भरू देत नाही. घरातल्या पुरुषांनी हे विशेष लक्षात घ्यावे. ही शीर पुरुषांची बायकांपेक्षा कितीतरी जास्त वेळा तुटते.

आणि चाळिशीनंतर खेळायचे असेल तर जरूर खेळावे, पण फक्त वर्षातून एकदा नव्हे. अंग गरम केल्याशिवाय धावू नये.

या जानेवारीत पुन्हा क्रीडा सप्ताह झाला. माझी उजवी पोटरी अजून एक सेंटीमीटरने बारीक आहे. डाव्या पायावर मी सलग वीस वेळा टाच उचलते, उजव्यावर बारा. खो-खोच्या वेळी मी गुणलेखनाच्या टेबलाशी होते. सामन्याआधी पीटीच्या सरांनी सगळ्या शिक्षिकांना पंधरा मिनिटे मैदानाभोवती चालवले, पाय मोकळे करून घेतले, तेव्हा कुणी कुरकुर केली नाही. शाळेच्या प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर आतून आता एक कागद चिकटवला आहे. त्यावर उर्दू आणि मराठीत माझ्या अक्षरात लिहिले आहे : पालथे झोपवा, पोटरी दाबा, पाऊल झुकले नाही तर चोळू नका, नागपूरला न्या.